नवे इंजेक्टर, नवी रेल आणि दर पंधरा दिवसांनी परत येणारा पेट्रोलचा वास

सकाळी पहिला सेल्फ मारला की बॉनेटखालून पेट्रोलचा वास. गाडी तापली की वास गायब. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन कोरडं ठाक, आणि मेकॅनिक आपल्याकडे असा बघतो की बिघाड गाडीत नसून साहेबांच्या नाकात आहे. इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, बदलली की दहा-पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच रडगाणं.

बाहेरचे (मूळ कंपनीचे नसलेले) इंजेक्टर आणि बाहेरची फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) बसवलेल्या गाडीत हे होत असेल तर नवी रिंग आणायला धावू नका. मी धावलो. चार वेळा.

गाडी माझी २००१ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. मूळ इंजेक्टर वीस वर्षांहून जुने. दोनदा मशीनवर साफ करून घेतले, तरी एक मधूनच मिसिंग मारायचा. म्हणून मूळ मापाचाच, मिनिटाला साधारण २४० सीसी पेट्रोल देणारा नवा संच घेतला. त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमची, निळं ॲनोडायझिंग केलेली रेलही घेतली. रेल बदलायचं कारण? दिसते छान. खोटं कशाला बोलू. शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला मूळ रेल भरपूर होते. हिशोब सोपा आहे. एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड पेट्रोल धरा, चार इंजेक्टर, आणि ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहू नयेत. १०६ हॉर्सपॉवरला एका इंजेक्टरमागे मिनिटाला पावणेदोनशे सीसीच्या आसपास लागतात. म्हणजे २४० चा इंजेक्टरसुद्धा निवांत काम करतो. टर्बो नाही, कॅम बदललेला नाही, तर मोठे इंजेक्टर नि मोठी रेल टाकून पिकअप वाढत नाही. उलट ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं याचा तक्ता, तोच ठेवून मोठे इंजेक्टर टाकले तर प्लग काळे होतात आणि ॲव्हरेजची वाट लागते.

असो. आधी जिवाचं बघू.

वास येतोय तोवर गाडी चालवायची नाही, ‘जवळच तर जायचंय’ म्हणूनसुद्धा नाही. अशा रेलमध्ये साधारण ३ बार दाब असतो. बारीक फटीतून पेट्रोल थेंबाने पडत नाही, फवारा होऊन उडतं, आणि शेजारीच प्लगच्या वायरी नि अल्टरनेटर. इंजिन तापल्यावर वास जातो याचा अर्थ गळती थांबली असा धरू नका. बऱ्याचदा गरम मॅनिफोल्डवर पडलेलं पेट्रोल दिसायच्या आत उडून जातं, एवढंच. कामाला हात घालण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या. आणखी दोनदा सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि टाकीचं झाकण उघडून ठेवा. पहिला जोड सैल करताना फडकं गुंडाळा, थोडं पेट्रोल तरीही येतंच. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. बादलीभर पाण्याने पेट्रोलची आग पसरते.

चार रिंगांची कहाणी

पहिल्या वेळी मी धरून चाललो की रिंग बसवताना चिमटली असेल. दुसऱ्या वेळी फिटर म्हणाला, "रिंग डुप्लिकेट आहे साहेब, वायटॉनची टाका, पेट्रोलला टिकणारं रबर." पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. तिथे तपकिरी दिसेल ती प्रत्येक रिंग वायटॉनची असते. घेतली, बारा दिवस बरं चाललं. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका उस्तादांनी सल्ला दिला, "थोडं सिलिकॉन लावा, आयुष्यात गळणार नाही." हे मात्र कधीही करू नका. गास्केटचं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ते थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जातात. तिथे पुढे फिल्टर म्हणून फक्त इंजेक्टरच्या आतली छोटीशी जाळी असते. त्या दिवशी नाही म्हणालो एवढीच माझी हुशारी.

चौथ्या वेळी रिंगा काढल्या तेव्हा त्या फेकायच्या आधी पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडल्या आणि भिंगाखाली बघितल्या. हे पहिल्याच वेळी करायला हवं होतं. नीट बसलेल्या रिंगवर बाहेरून सगळीकडे सारख्या रुंदीचा चकचकीत पट्टा दिसतो, कारण तिची पूर्ण पाठ रेलच्या भोकाला घासलेली असते. माझ्या चारही रिंगांवर पट्टा फक्त वरच्या अर्ध्या भागात होता. खालचा अर्धा भाग नव्यासारखा मॅट. दोन रिंगांवर एका बाजूला नखाने ओरखडा काढावा तशी बारीक चीर.

म्हणजे रिंग भोकात पूर्ण गेलेलीच नव्हती. भोकाच्या तोंडाशी, जिथे कड तिरपी कापलेली असते, तिथेच अर्धी आत नि अर्धी बाहेर लोंबकळत होती. नवीन असताना रबर घट्ट आणि फुगीर, म्हणून थोपवून धरायची. दहा-बारा दिवसांत दबून सपाट झाली की सकाळच्या गारव्यात आखडलेली रिंग दाब पेलू शकायची नाही. इंजिन तापलं की रबर सैलावून पुन्हा चिकटायचं. डिसेंबरात त्रास जास्त का व्हायचा ते तेव्हा कळलं.

दोष रिंगचा नाही, उंचीचा

या जातीच्या इंजिनात इंजेक्टर क्लिपने रेलला अडकवलेला नसतो. तो खाली मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) आणि वर रेल यांच्यामध्ये सँडविचसारखा धरलेला असतो. रेल मॅनिफोल्डपासून किती उंचीवर राहणार हे रेलच्या नटांखालचे स्पेसर (उंची राखणाऱ्या छोट्या नळकांड्या) ठरवतात. स्पेसर मिलिमीटर-दीड मिलिमीटरने जास्त उंच असला की रेल तेवढी वर राहते आणि इंजेक्टरला खाली सरकायला जागा मिळते. तो सरकतोच, कारण पेट्रोलचा दाब त्याला रेलमधून बाहेर ढकलत असतो. ११ मिमी व्यासाच्या भोकात ३ बार दाब म्हणजे प्रत्येक इंजेक्टरवर जवळजवळ ३ किलोचा रेटा. तुम्ही पंप चालू केला रे केला की चारही इंजेक्टर खाली बसतात आणि वरच्या रिंगा भोकाच्या तोंडाशी येतात.

ज्या गाड्यांत इंजेक्टर क्लिपने रेलला धरलेला असतो तिथे हीच चूक दुसरं तोंड दाखवते. वरची रिंग सुरक्षित राहते, पण अख्खा इंजेक्टर रेलबरोबर वर राहतो आणि खालचा सील मॅनिफोल्डच्या भोकातून अर्धा बाहेर येतो. तिथून हवा आत खेचली जाते. पेट्रोलचा वास नाही, पण आयडलिंग डुगडुगतं. रोग एकच, फक्त दुखणं दुसरीकडे.

मी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घेऊन जुने नि नवे स्पेसर शेजारी ठेवून मोजले. नवे १.८ मिमीने उंच. भर म्हणजे मूळ इंजेक्टरवर ओ-रिंगखाली जी जाड कुशन रिंग असते, ती नव्या संचाच्या पाकिटात नव्हतीच. मी आणि फिटर दोघांनीही ‘नव्या डिझाइनला लागत नसेल’ म्हणून सोडून दिली होती. जुन्या इंजेक्टरवरून उतरवलेल्या चार कुशन रिंगा माझ्याच डब्यात पडून होत्या.

माप कसं घ्यायचं

जुना स्पेसर हाताशी नसेल तरी अडत नाही. खालचे सील मॅनिफोल्डमध्ये बसवा, कुशन आणि ओ-रिंगसकट इंजेक्टर त्यात उभे करा. आता स्पेसर न लावता रेल वरून ठेवा आणि दोन्ही हातांनी सारखी दाबा, इंजेक्टर पूर्ण टेकेपर्यंत. नट नाही, पाना नाही, फक्त हात. या अवस्थेत रेलचा कान (नट बसतो तो भाग) आणि मॅनिफोल्डवरची बैठक यांच्यामधलं अंतर मोजा. व्हर्नियरचं टोक शिरत नसेल तर मुलांच्या खेळातल्या मातीची गोळी मध्ये ठेवून दाबा, काढा आणि तिची जाडी मोजा. प्रत्येक कानाजवळ वेगळं मोजा. एका टोकाला जास्त आणि एका टोकाला कमी आलं तर रेल वाकडी आहे किंवा एक सील नीट बसलेला नाही.

जे अंतर आलं तेवढाच स्पेसर हवा, फार तर त्याहून अर्धा मिलिमीटर जास्त. इंजेक्टरला जरासा श्वास हवा, पण रिंग भोकात पूर्ण राहिली पाहिजे. स्पेसर फार लहान झाला तर उलटं दुखणं. रेल इंजेक्टरला आवळते, खालचा सील फुगून वाकडा होतो, इंजेक्टर तिरका बसतो आणि प्लास्टिकच्या अंगावर ताण येतो. म्हणून कापताना हात राखून. जास्त कापलं गेलंच तर पातळ वायसर घालून भरून काढता येतं, फक्त सगळीकडे सारखं.

माझे स्पेसर भोसरीतल्या एका लेथवाल्याने फेस मारून (तोंड सपाट कापून) दीड मिलिमीटर कमी केले. मी माप लिहिलेला कागद दिला. त्याने कागद खिशात घातला, व्हर्नियर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मोजलं. असा माणूस भेटला की निम्मं काम झालं समजायचं. पैसे चहा-भज्यांपेक्षा जास्त झाले नाहीत.

बसवण्याआधी रेलचं भोक बोटाने नाही, कानातल्या काडीने तपासा. कोरडी काडी तोंडाशी गोल फिरवायची. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे मशीनिंगची बर (धातूची बारीक धारदार कड) राहिली आहे, आणि तीच रिंगला चीर पाडते. माझ्या चारपैकी दोन भोकांत तंतू अडकला, आणि चिरलेल्या रिंगा नेमक्या त्याच दोन भोकांतल्या निघाल्या. हजार नंबरच्या पॉलिश पेपरची सुरळी करून कड मऊ केली. आतल्या सीलिंगच्या भागाला मात्र पेपर लावायचा नाही, फक्त तोंडाची कड. मग रेल पेट्रोलने धुवायची, कॉम्प्रेसरची हवा मारायची, पुन्हा धुवायची. दुसऱ्या वेळच्या धुण्यातसुद्धा माझ्या ताटलीत चांदीसारखे बारीक कण खाली बसले होते. ते इंजेक्टरमध्ये गेले असते तर हा मजकूर आणखी लांबला असता.

रिंग खरंच वायटॉनची आहे की नाही हे रंगावरून कळत नाही. एक जास्तीची रिंग घ्या, माप लिहून ठेवा आणि झाकणबंद बाटलीत पेट्रोलमध्ये दोन दिवस बुडवा. हलक्या रबराची रिंग डोळ्यांना दिसेल इतकी फुगते, वायटॉनची जवळजवळ तशीच राहते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या मिश्रणाला चालतील असे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत आले. त्याआधीच्या गाडीला बाहेरचा माल टाकताना रिंग, होज आणि पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर तिन्हींची चौकशी करून घ्या. आणखी एक, इंजेक्टरच्या डोक्याचे ११ आणि १४ मिमी असे दोन प्रकार सर्रास मिळतात. ११ च्या इंजेक्टरला १४ च्या रेलमध्ये जाड रिंग घालून बसवणारेही महाभाग आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं एक बोट लावा. ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे तर नकोच, ऑक्सिजन सेन्सरला तो भोवतो. इंजेक्टर सरळ दाबून घालायचा नाही, किंचित फिरवत घालायचा. रेल बसली, नट फक्त बोटाने लावले की प्रत्येक इंजेक्टर हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा. थोडा जड पण एकसारखा फिरला पाहिजे. एखादा फिरतच नसेल तर रिंग चिमटली आहे, तिथेच थांबा आणि परत काढा. अगदीच सैल फिरत असेल तर उंची पुन्हा मोजा. नट सहा एमएमचे असतात. दहाच्या पान्याने थोडं-थोडं करत, आलटून पालटून, बारा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे. जोर काढलात तर स्टडचे आटे जातील आणि मॅनिफोल्ड उतरवावं लागेल.

गाडी चालू करायच्या आधी चावी ऑन-ऑफ पाच-सहा वेळा करा. दर वेळी पंप दोनेक सेकंद चालून दाब भरतो. मग टिश्यू पेपरचा तुकडा प्रत्येक इंजेक्टरच्या मानेभोवती फिरवा. टिश्यूवर ओल असेल तर लगेच दिसते. ही परीक्षा संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावरच खरी. रात्री माझी तीन वेळा ‘पास’ झाली होती.

वास गेला, पण गाडी नीट चालत नाही?

इथे लोक ट्यूनिंगवाल्याकडे पळतात. त्याआधी तीन-चार गोष्टी स्वतः बघता येतात.

इंजेक्टरच्या दोन पिनांवर मल्टीमीटर लावा. बहुतेक साध्या गाड्यांच्या ईसीयूला १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर चालतात. स्वस्तात मिळालेला जुन्या परदेशी गाडीचा संच २-३ ओहमचा निघाला तर तो तसाच जोडायचा नाही. चौदा व्होल्टला १२ ओहममधून सव्वा अँपियरच्या आत करंट जातो, २ ओहममधून ७ अँपियर. तो भार ईसीयूमधल्या इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटवर (ड्रायव्हरवर) पडतो आणि ते जळतं. नव्वदच्या दशकातल्या काही होंडांमध्ये असे इंजेक्टर होते, पण त्यांच्यासाठी वेगळा रेझिस्टर बॉक्स असायचा. विकणारा तो बॉक्स देत नाही.

आयडलिंग डुगडुगतंय आणि २,५०० आरपीएमला गाडी सुतासारखी सरळ, तर खालच्या सीलमधून हवा जातेय असं धरून चाला. ओबीडी पोर्ट (स्कॅनर जोडायची जागा) असलेल्या गाडीत फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा, बघा. आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल तर हवेची गळती. उलट लोडवर ट्रिम वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा दाब. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ सांगणारा पी०१७१ कोड दोन्हीकडे येतो, त्यामुळे नुसत्या कोडवर विसंबू नका.

रेग्युलेटर रेलवर असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी जोडायची राहून जाते. नवी रेल बसवताना मी स्वतःच विसरलो होतो. गेज लावून आयडलिंगला ती नळी काढा: दाब साधारण अर्ध्या बारने वर जायला हवा. काहीच फरक पडत नसेल तर नळी फाटलेली आहे किंवा रेग्युलेटर अडकला आहे. काढलेल्या नळीतून पेट्रोल टपकलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटला, बदलूनच टाका. दाब बदलला की इंजेक्टरचं मापही बदलतं, पण सरळ हिशोबाने नाही, वर्गमुळाने: ३ बारला २४० सीसी देणारा ४ बारला २७७ देतो. ‘जरा प्रेशर वाढवू’ म्हणणाऱ्याला हे आधी सांगा.

गरम इंजिन चालू व्हायला त्रास देतंय, दोन-तीन सेल्फ लागतात आणि मग काळा धूर? इंजेक्टर टपकतोय का बघा. कॉइलची वायर काढून ठेवा, रेल इंजेक्टरसकट उचला (क्लिप नसलेल्या गाडीत इंजेक्टर आधी तारेने रेलला घट्ट बांधा, नाहीतर दाबाने निसटतील), प्रत्येकाखाली कागद धरा आणि पंप प्राइम करा, म्हणजे चावी ऑन करून दाब भरू द्या. एका मिनिटात कुठल्याच कागदावर थेंब पडता कामा नये. नव्या संचातलासुद्धा एखादा टपकतो. माझ्यातला नाही टपकला, पण मित्राच्या गाडीत चारातला तिसरा निघाला.

हे सगळं बरोबर असूनही आयडलिंग किंचित जड वाटत असेल, तर इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ वेगळा असू शकतो. चौदा व्होल्टला तो मिलिसेकंदाच्या आसपास असतो, बॅटरी कमजोर असली की वाढतो. सीसी तेच असले तरी हा वेळ दोन बनावटींत सारखा नसतो, आणि त्याचा फरक आयडलिंगलाच जाणवतो, कारण तिथे इंजेक्टर मुळातच दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो. ही दुरुस्ती मात्र मॅपमध्येच करावी लागते. ट्यूनिंगवाल्याकडे जायची वेळ ती.

माझ्या सिटीचे स्पेसर कापल्याला एक हिवाळा झाला. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी टिश्यू फिरवला, मग रविवारी, मग महिन्यातून एकदा. मूळ रेल, तिचे स्पेसर आणि राहिलेल्या जुन्या रिंगा एका डब्यात घालून वर माप लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. मित्राचं काम करताना तोच डबा उघडला होता. त्याच्या रेलबरोबर आलेले स्पेसर २ मिमीने उंच निघाले.